लिंकनची वारी आणि पंचेचाळीस-बेचाळीस

शुक्रवार, ९ सप्टेंबर २०२२

पहाटे साडेपाचला शिकागोजवळचं नेपरव्हिल सोडलं. लेक मागच्या सीटवर पांघरूण घेऊन आडवी. तिच्या शाळेला 'कौटुंबिक कारण' एवढंच कळवलं होतं. आमच्या घरात नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हे कौटुंबिक कारणच आहे, कारण त्यावरून दर शनिवारी भांडणं होतात. बायको आली नाही. निघताना ती इतकंच म्हणाली, "तीन दिवस, दीड हजार किलोमीटर, आणि येताना तोंड पाडूनच येणार. तेच इथे सोफ्यावर बसून पाड की."

तिचं चुकत नव्हतं. पण हे थोडं मागून सांगायला हवं. ऑगस्ट १९९७ मध्ये मी साताऱ्याहून लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात एमएस करायला आलो. राज्याची राजधानी, पण रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. शनिवारी मात्र अख्खं गाव लाल कपडे घालून एकाच दिशेने चालायला लागायचं. पहिल्या शनिवारी मला वाटलं, मोर्चा निघालाय. संघाचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. त्या वर्षी हे कणसं सोलणारे एकही सामना हरले नाहीत. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हलवणारा खेळाडू, होता स्कॉट फ्रॉस्ट. नेब्रास्कातल्याच वुड रिव्हर नावाच्या खेड्यातला पोरगा. आणि २०१८ पासून तोच फ्रॉस्ट आमचा मुख्य कोच आहे.

मिसिसिपी ओलांडून आयोवात शिरलो, की पुढचे पाच तास मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. वॉलकॉटला ट्रकवाल्यांचा तो अवाढव्य थांबा आहे, जगातला सगळ्यात मोठा म्हणून पाटी लावलेला. तिथे कॉफी घेतली. माझा लाल शर्ट पाहून गल्ल्यावरच्या बाईंनी मान हलवली, आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे पाहून हलवतात तशी. "डब्लिन," एवढंच म्हणाल्या.

डब्लिनचं दुखणं ताजं होतं. २७ ऑगस्टला हंगामाचा पहिला सामना आयर्लंडमध्ये झाला, नॉर्थवेस्टर्नशी. तिसऱ्या भागात आम्ही २८-१७ पुढे. टचडाउन झालं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, की चेंडू समोरच्या संघाकडे लांब लाथाडून द्यायचा असतो. तो मुद्दाम जवळच टाकून आपणच झडप घालायची, याला ऑनसाइड किक म्हणतात. शेवटच्या मिनिटांत पिछाडीवर असलेला संघ जिवावर उदार होऊन हे करतो. अकरा गुणांनी पुढे असलेला संघ करत नाही. आमच्या कोचने केलं. चेंडू त्यांना मिळाला, वारं फिरलं, आणि आम्ही ३१-२८ हरलो. त्या दिवशी स्टेडियममधली पैसे भरायची यंत्रणा बंद पडली म्हणून बिअर फुकट वाटत होते. पदरात पडलं ते तेवढंच.

लेक जागी झाल्यावर मी तिला हे सगळं पुन्हा ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, हे तू मला डब्लिनच्या दिवशीच तीनदा सांगितलंयस."

दोनच्या सुमाराला मिसुरी नदी ओलांडून ओमाहात मामाकडे पोचलो. मामा म्हणजे लिंकनमधला माझा रूममेट. तेव्हा सगळ्यांची भांडणं मिटवायचा, म्हणून मामा. लग्न झाल्यावर त्याची बायको आपोआप मामी झाली आणि तिने ते अजून मनापासून स्वीकारलेलं नाही. आज अनंत चतुर्दशी. त्यांच्याकडे दहा दिवसांचा शाडूचा गणपती असतो. संध्याकाळी आरती झाली, आणि मागच्या अंगणात प्लास्टिकच्या टबात विसर्जन. मामीने केलेली वाटली डाळ इतकी झकास होती, की मी दोनदा मागून घेतली. टबातली माती विरघळली, की ते पाणी झेंडूच्या वाफ्याला घालतात.

जेवणं झाल्यावर विषय निघालाच. मामा हिशेबाचा माणूस. त्याने कागदच काढला.

"हे बघ. फ्रॉस्टला आज काढला तर त्याला दीड कोटी डॉलर द्यावे लागतात. १ ऑक्टोबरनंतर काढला, तर पंचाहत्तर लाख. म्हणजे तीन आठवडे कळ काढली, की रुपयांत साठ कोटी वाचतात. काढतील का आत्ता? शक्यच नाही."

"उद्या हरले तर काढतील."

"उद्या? जॉर्जिया सदर्नशी? अरे, त्यांना आपण पैसे देऊन बोलावलंय."

ते खरं होतं. मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला लहानांना मानधन देऊन घरी बोलावतात, सरावाचा विजय पदरात पाडून घेतात आणि पाहुण्यांना चेक देऊन पाठवतात. तरी आम्ही पैज लावली. हरेल त्याने पुढच्या वर्षीची तिकिटं काढायची.

शनिवार, १० सप्टेंबर

सामना संध्याकाळचा होता, त्यामुळे दिवस मोकळा. ओमाहा ते लिंकन तासाभराचा रस्ता. वाटेत प्लॅट नदी लागते, पसरट आणि उथळ. उन्हाळ्यातली माणगंगा आठवते.

लेकीला आधी कॅपिटॉल दाखवलं. चारशे फूट उंच मनोरा, वर सोनेरी घुमट, आणि घुमटावर अनवाणी शेतकऱ्याचा ब्राँझचा पुतळा. बियाणं फोकून पेरतोय. विधानभवनाच्या डोक्यावर ना घोडा, ना तलवार. पेरणारा माणूस. नवीन आलो तेव्हा इथल्या एवढ्या एकाच गोष्टीशी माझी लगेच ओळख पटली होती. मग आमचं जुनं घर शोधलं. तिथे आता पार्किंग आहे. त्यावर फार काही लिहिण्यासारखं नाही.

हेमार्केटात जेवलो. इथला रन्झा प्रसिद्ध. लांबट पावात गोमांस आणि कोबी भरून भाजलेला. मी खात नाही. लेकीने मामाकडे पाहत गुपचूप घेतला आणि मी गुपचूप पाहिलं नाही.

चार वाजल्यापासून लाल लोंढा स्टेडियमकडे सरकायला लागला. आम्हीही सरकलो. उत्तरेच्या दाराशी टॉम ऑस्बोर्न यांचा पुतळा आहे, शेजारी त्यांचा खेळाडू ब्रूक बेरिंजर. १९९६ मध्ये विमान अपघातात गेला तो मुलगा. ऑस्बोर्न यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय इथलं दुःख कळायचं नाही. १९७३ ते १९९७, पंचवीस वर्षं ते कोच होते. एकूण २५५ विजय, तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं, आणि या पंचवीस वर्षांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय नाहीत. एकदाही नाही. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही, शिवी तर नाहीच. गावोगावची शेतकऱ्यांची पोरं शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने संघात यायची, चार-चार वर्षं व्यायामशाळेत घाम गाळायची आणि मग एक दिवस मैदानात उतरून टेक्सासच्या नावाजलेल्यांना आडवं करायची. हल्ले फार गुंतागुंतीचे नसत. पुढच्या फळीने समोरच्याला ढकलायचं, मागून पोरगा चेंडू घेऊन पळणार. काय येणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि तरी थांबवता येत नसे.

या नऊ आकड्याने आमचा घात केला. ऑस्बोर्ननंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच आले. २००३ मध्ये नऊ जिंकून तीन हरले, तर त्यांना काढलं. त्या वेळी 'बरं झालं, नऊवर समाधान मानायला आपण काय आयोवा आहोत?' असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. मग बिल कॅलहन. मग बो पेलिनी, सात वर्षं, दर वर्षी किमान नऊ विजय. त्यांनाही काढलं. मग माईक रायली, १९ विजय आणि १९ पराभव. आता नऊ विजय कुणी दिले तर आम्ही त्याला पालखीतून फिरवू.

म्हणून फ्रॉस्ट आला तेव्हा घरी कार्य असल्यासारखं वाटलं होतं. सेंट्रल फ्लोरिडाला २०१७ मध्ये १३-० करून आलेला. तरुण, ऑस्बोर्न यांच्या हाताखाली वाढलेला, आपल्या मातीतला. त्यानंतरची प्रगतिपुस्तकं अशी: ४ विजय ८ पराभव, ५-७, ३-५, ३-९. गेल्या वर्षीचे नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे. (परत नऊ!) चाळीस-पन्नास गुणांनी हरणारा संघ सहन होतो, बाई. दुबळा आहे म्हणून सोडून देता येतं. पण दर शनिवारी जिंकता-जिंकता, शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी लाथ चुकवणार, कुणाच्या तरी हातून चेंडू सांडणार, आणि आपण परत तिथेच. एकदा झालं तर नशीब म्हणावं. पाच वर्षं झालं, तर सराव कोण घेतं हे विचारावंच लागतं.

स्टेडियमच्या दारावर कोरलंय, की कॉलेज फुटबॉलमधले सर्वोत्तम चाहते या दारातून आत जातात. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर हसलो असतो. १९६२ पासून इथलं प्रत्येक सामन्याचं तिकीट विकलं गेलंय. अलीकडे उरलेली तिकिटं देणगीदार घेतात, तेव्हा हा विक्रम थोडा सलाइनवर आहे. पण आजही आत ऐंशी हजारांवर माणूस.

आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. यॉर्कच्या बाजूला शेती, तिकीट वडिलांपासून चालत आलेलं. कानात रेडिओची समालोचनाची नळी. डोळ्यांसमोर सामना चालू असताना हे लोक रेडिओ ऐकतात, कारण डोळ्यांवर विश्वास नाही. मी १९९७ ला इथे होतो म्हटल्यावर त्यांनी मला लगेच दाण्यांची पुडी पुढे केली.

नेब्रास्काने पहिले गुण केले, की हजारो लोक लाल फुगे आकाशात सोडायचे. लेकीला मी प्रवासभर हेच सांगत होतो. पहिलं टचडाउन झालं, सगळे उठले, आरडाओरडा झाला, आणि वर काहीच गेलं नाही. हेलियमचा तुटवडा आहे म्हणून यंदा फुगे बंद, असं आजोबांनी सांगितलं. "वर जाण्यासारखं काहीच उरलं नाही," हेही तेच म्हणाले.

सामन्याचं वर्णन पूर्ण करत नाही. करवत नाही. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात. जॉर्जिया सदर्नला ते दर वेळी जमत होतं. त्यांनी सामन्यात मिळून ६४२ यार्ड कापले. गंमत अशी, की हिवाळ्यात फ्रॉस्टने आक्रमणाचे चार सहायक घरी बसवले आणि मार्क व्हिपल यांच्यासारखा जुना जाणता आणला. ते आक्रमण आज चाललं, ४२ गुण केले. ज्या बचावाला हात लावला नव्हता, तो सपशेल झोपला. खेळाडू समोरच्याला धरायचे आणि तो त्यांना घेऊन पाच यार्ड पुढे जायचा. आजोबा प्रत्येक वेळी एकच शब्द म्हणत होते, "पाय". पाच-सहा वेळा ऐकल्यावर विचारलं, तर म्हणाले, "पाय चालत नाहीत त्यांचे. वासराला आडवं करतानासुद्धा पाय चालवावे लागतात. हे आठवड्याभरात शिकवायचं असतं, शनिवारी नाही."

तीन मिनिटं उरली असताना आम्ही ४२-३८ पुढे गेलो. लोक नाचले. आजोबा बसून राहिले. मीही बसलो, कारण पाच वर्षांत तेवढं शिकलोय. जॉर्जिया सदर्नची पोरं ७५ यार्ड चालत आली, घाई नाही, गडबड नाही, आणि ३६ सेकंद असताना त्यांचा क्वार्टरबॅक स्वतःच चेंडू घेऊन आत घुसला. ४५-४२. शेवटी ५२ यार्डांवरून चेंडू खांबांमधून लाथाडून बरोबरी साधायचा एक प्रयत्न होता. चुकला. त्या मुलाला दोष नाही, ५२ यार्ड म्हणजे थट्टा नाही.

या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण करून नेब्रास्का आजवर एकदाही हरलं नव्हतं. २१४ सामने, २१४ विजय. हे रेडिओवर सांगितलं तेव्हा आजोबांनी नळी काढून खिशात ठेवली.

आता जे सांगायचंय ते. १३ सप्टेंबर १९९७, याच मैदानावरचा माझा पहिला सामना. समोर सेंट्रल फ्लोरिडा, हो, तेच. मध्यंतरापर्यंत आम्ही मागे. फ्रॉस्टला बाहेर बसवून दुसऱ्याला आणलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात फ्रॉस्ट परत मैदानात आला आणि त्याच्याच घरच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. अमेरिकेत येऊन महिना झाला होता. पण सगळे करतायत म्हणून मीही तोंडावर हात धरून मनसोक्त हुर्यो केली. बावीस वर्षांच्या पोराची, बावीस वर्षांच्याच पोराने. आम्ही जिंकलो ३८-२४, पुढच्याच आठवड्यात त्याने सिअॅटलला जाऊन वॉशिंग्टनला हरवलं, आणि हंगामाअखेर त्याच पोराने आम्हाला अजिंक्यपद दिलं. नंतरची वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की मी तिथे होतो. हुर्योचं कुणाला सांगितलं नाही. मामालाही नाही.

आज चाळिशीच्या शेवटाला आलेला फ्रॉस्ट मान खाली घालून बोगद्याकडे चालला होता. आमच्या वरच्या रांगेतून काहीजण ओरडले. मामाही ओरडला, सगळ्यांची भांडणं मिटवणारा मामा. मला ओरडता आलं नाही. दया आली म्हणावं, तर तसंही नाही. तीन तास मी त्या माणसाला मनातल्या मनात जे बोललो ते इथे छापता येणार नाही. संघ त्याने बिघडवला, यात शंका नाही. पण त्याच्या जागी नऊ जिंकणारे दोघे होते, आणि ते आम्हीच घालवले.

पाहुणा संघ मैदान सोडताना इथले लोक टाळ्या वाजवतात, हरलेल्या दिवशीही. जुनी रीत आहे. निम्मे लोक निघून गेले होते. उरलेल्यांनी जॉर्जिया सदर्नच्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या. आजोबा उभे राहून वाजवत होते. लेक म्हणाली, "हे लोक वेडे आहेत का?" आणि तीही वाजवायला लागली.

रात्री लिंकनमध्येच राहिलो. मोटेलची कॉफी पाण्यासारखी होती, पण त्या रात्री अमृत दिलं असतं तरी पाणीच लागलं असतं.

रविवार, ११ सप्टेंबर

मामाला त्याच्या गाडीने ओमाहाला रवाना केलं आणि दहाला आम्ही पूर्वेला लागलो. मामीने दिलेल्या डब्यात वाटली डाळ आणि चार मोदक.

आयोवात शिरून तासभर झाला असेल. दुपार होत होती. लेक फोनवर होती, ती एकदम म्हणाली, "बाबा, काढलं त्याला."

मी गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर घेतली. क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी निवेदन काढलं होतं. फ्रॉस्टला तत्काळ दूर केलं, उरलेल्या हंगामासाठी मिकी जोसेफ, तोही इथलाच जुना क्वार्टरबॅक. पाच हंगाम, १६ विजय, ३१ पराभव. वीस दिवस थांबले असते तर साठ कोटी रुपये वाचले असते, पण थांबले नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. पैज जिंकलो होतो, आणि दोन वर्षं हेच मागत होतो. मी चाक धरून नुसता बसून राहिलो.

साताऱ्याला आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. तिला १९९७ पासून या फुटबॉलचं सगळं तोंडपाठ आहे, एकही सामना न पाहता.

"त्या कोचला काढलं का शेवटी? आज?"

"आज."

"अरे, पितृपक्ष लागला की. आता नवा माणूस कसा घेतील?"

"नवा नाही घेतला, आई. तात्पुरता नेमलाय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. नेब्रास्कालाही रीतभात कळते, याचं तिला समाधान वाटलं असावं.

पंपावरच्या बाकावर डबा उघडला. शेजारी काळ्या-पिवळ्या शर्टातला एक आयोवावाला बर्गर खात होता. आयोवा म्हणजे आमचे शेजारी, आणि भाऊबंदकीत असतं तेवढंच प्रेम. मी टोमण्याची वाट पाहत होतो. तो म्हणाला, "ऐकलं. वाईट वाटलं." आणि मग त्याचंच सुरू झालं. काल ते आयोवा स्टेटशी १०-७ हरले होते. त्याआधीच्या आठवड्यात जिंकले, पण ७-३, तेही एकही टचडाउन न करता. त्यांचे कोच कर्क फेरेंट्झ १९९९ पासून आहेत आणि आक्रमणाचा प्रमुख त्यांचा स्वतःचा मुलगा. "तुम्हाला निदान काढता तरी येतो," तो म्हणाला. "आमच्याकडे बापाने मुलाला काढायला हवं."

मी म्हटलं, आमच्या देशात आम्हाला हे नीट कळतं. आणि त्याच्यापुढे एक मोदक ठेवला. त्याने तो बर्गरसारखा दोन्ही हातांत धरून खाल्ला.

मिसिसिपीच्या पुलावर असताना मामाचा फोन आला. लेकीने स्पीकरवर टाकला.

"पैज जिंकलास लेका. तिकिटं मी काढतो. कुठल्या मॅचची काढू?"

"बाबा, नाही म्हण," लेक कुजबुजली.

"फुगे सोडणार असतील त्या मॅचची," मी म्हटलं.